तुळशीवरचा पिठ्या

तुळस वाळली की आमच्या घरात आधी माझ्याकडे बघतात, झाडाकडे नंतर.

आमचं घर अमरावतीत, शेत भातकुलीकडे. अंगणातली तुळस सासूबाईंची. रोज आंघोळ झाली की त्या तिला पाणी घालणार, बुडाशी चिमूटभर साखर ठेवणार अन् एक पान तोडून तोंडात टाकणार. त्या पानाशिवाय चहा नाही. यंदा दिवाळीच्या सुमारास तुळशीची पानं आकसली, शेंडे करपले. सासूबाईंनी शेजारणीच्या देखत मला विचारलं, "अडचणीत असताना शिवली तं नाही ना वं तू? नाहीतं तुयी सावली पडली अशीन."

शेजारणीच्या देखत! माझी पोरगी कॉलेजात जाते, तरी मी हे ऐकून घ्यायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरातरा अंगणात गेले, चष्मा लावला अन् फांदी फांदी वाकवून पाहिली. देठांच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण! कपाशीवर येतो तोच. त्याच्या अंगातून गोड चिकटा सुटतो, तो चाटायला मुंग्यांची रांग लागलेली. अन् रांग कुठून? थेट सासूबाईंच्या साखरेपासून.

नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "हात्तिच्या! कपाशीचं औषध हाय ना घरात. पंप मारून देतो, सकाळपर्यंत साफ."

"आई रोज पान खातेत इचं!" मी ओरडलेच. "तुळस वाचवून आईले माराचं हाय का तुमाले?"

तो पंप घेऊन गुपचूप परत गेला. मी निंबोळ्या कुटून भिजत घातल्या. सकाळी ते पाणी गाळलं, त्यात रिठ्याचा फेस केला, अन् नेमकी माझी अडचण आली. घ्या! थांबले असते तर पिठ्या थोडाच माझ्यासाठी थांबणार होता? अन् ज्या हातावर आळ आला, तोच हात लागू दे म्हटलं. जुना दातांचा ब्रश घेऊन मी तुळशीपाशी बसले.

"काहून वं, आज तं तुले..." सासूबाई दारातूनच किंचाळल्या.

"हो, आजच. तुमच्या डोयासमोर. वाळली तं खापर माया माथ्यावर फोडा. अन् साखर आजपासून बंद. मुंग्या तुमच्या साखरेवर येतात अन् पिठ्याले जपतात."

त्या माझ्याशी बोलेनात. पान नाही म्हणून चहाही अर्धा टाकायच्या. मला वाईट वाटलं, पण मी हटले नाही. पिठ्या दिसला की घासायचा, मग दिवस कोणताही असो.

हळूहळू शेंडे फुटले. एका सकाळी सासूबाईंनी कोवळं पान तोडलं, दोनदा धुतलं अन् तोंडात टाकलं. निंबोळीच्या कडूपणानं तोंड वाकडं झालं, पण थुंकल्या नाहीत. मला मात्र तेवढ्यानं समाधान नव्हतं. बोलणं शेजारणीच्या देखत झालं होतं.

नंतर तीच शेजारीण आली. तिचीही तुळस वाळत होती. "सुनेची सावली पडली अशीन," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं थांबवलं.

"सावली-बिवली काही नाही, पिठ्या अशीन," सासूबाई म्हणाल्या. "मायी सून येईन धुवाले. पण तिले दिवस कोणता हाय ते इचारू नको."