मावशींच्या वहीत नसलेला कोपरा

कौसल्यामावशी गेल्या त्याला आज वर्ष झालं, आणि एका बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

सकाळी दिवा लावून देवालाही तसंच सांगितलं. क्षमा करणं त्याचं काम. माझं नाही.

मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. कामठ्यात क्रोशाची लेस विणणारी प्रत्येक बाई त्यांच्याच हाताखाली शिकली.

त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. पानापानावर लेसचा वीतभर नमुना, चार टाक्यांनी टाचलेला. काही त्यांच्या आईच्या हातचे. एकूण बेचाळीस.

फोटो पाहून लेस येत नाही. नमुना उलटा करून पाहावा लागतो. खांब म्हणजे उभा टाका कुठून उचलला, दोरा किती ओढला, ते मागून कळतं.

वही त्या कोणालाही न्यायला द्यायच्या. पण सगळ्या सरळ पट्ट्या. रुमालाच्या कोपऱ्यावर लेस वळवायची कशी, ते एकाही पानावर नव्हतं.

मी नवी सून होती तेव्हा विचारलं, "मावशी, कोपरा काऊन नाही ठेवला?"

"ठेवला असता तं तू आली असती काय माह्या घरी? वही घेऊन तिकडंच बसली असती."

मग कोपरा त्यांच्या घरी बसूनच शिकली.

शेवटी त्यांना दिसेनासं झालं. मग वही मांडीवर घेऊन बोटांनी वाचायच्या.

"हा माह्या मायचा."

कधी चुकल्या नाहीत.

तेव्हाच गोंदियाच्या एक बुटीकवाल्या मॅडम आल्या. "काकी, सिर्फ दो दिन. फोटो खींचने हैं."

वही मीच काढून दिली. पिशवीसुद्धा माझीच. ही चूक माझ्या नावावर आहे, ती मी खोडत नाही.

पुढच्याच आठवड्यात मावशींनी अंथरूण धरलं.

"आली काय वं माही वही?" रोज विचारायच्या.

मी रोज फोन करायची.

"कल भेजती हूँ, काकी."

असे सोळा दिवस.

सतराव्या दिवशी मावशी गेल्या. बोटं चादरीच्या काठावर काहीतरी शोधत होती.

वही तेरवीनंतर आली. प्रत्येक पानावर फक्त सुईची छिद्रं.

नमुने मी मॅडमच्या दुकानात पाहिले. पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवून काचेत लावलेले. खाली पाटी, "अवर एक्सक्लुझिव्ह डिझाइन्स".

त्या नमुन्यांची मागची बाजू आता कोणालाच दिसणार नाही.

मी मॅट्रिक शिकलेली बाई. पण किराण्याच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानांवर, मावशींच्या नमुन्यांचे टाके लिहून ठेवायची सवय होती. त्यावरून वर्षभर विणलं. एकतीस जमले.

अकरा गेले ते गेलेच. त्यात मावशींच्या आईचेही आहेत.

काही दिवसांपूर्वी मॅडमचा फोन आला. टेबलक्लॉथची मोठी ऑर्डर. लेस तयार, पण कोपऱ्यावर गोळा होते.

"काकी, वो कॉर्नर बता दो ना, प्लीज."

मी म्हटलं, "कल बताती हूँ."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी पुन्हा तेच सांगितलं. रोज तेच सांगून राहिली.

आता बाकीच्यांसाठी.

एकतीस नमुन्यांचे फोटो या पोस्टखाली टाकले आहेत. पुढून, मागून, टाक्यांच्या आकड्यांसह. कोणीही विणा, विका, मुलीबाळींना शिकवा. एक्सक्लुझिव्ह काही राहिलं नाही.

कोपरा फोटोत नाही.

तो आमच्या ओसरीत, कामठ्याला, रोज दुपारी तीननंतर. फी नाही. सुई-दोरा आपापला आणा. चहा मिळेल, साखर कमी असेल.

आणि मॅडम, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, म्हणजे हे वाचालच. तुम्ही येऊ नका.

तुम्ही फोन करून राहिल्या त्याला आज सोळा दिवस झाले. मी मोजले आहेत.

उद्यापासून तुमचा नंबर ब्लॉक.

मावशी, बाया कोपऱ्यासाठी अजूनही घरीच येतील.

तुमच्या बोटांना माझा नमस्कार.