तीस पावलांवरचं पाळणाघर

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात मी दारव्ह्याजवळचा तांडा सोडला. मला आणि नवऱ्याला यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, काम लागलं होतं. आठ महिन्यांची सेवंती काखेत होती. बैलगाडी हलताना याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, माझ्या पदराला अफूचा खडा बांधून दिला. "तीळभर चाटवत जाय. पोर निजते, तुले काम करता येते." तांड्यातल्या बायांनो, तुम्हीही असंच करून कापूस वेचलात, म्हणून तुम्हाला हे लिहिते.

जिनिंगमध्ये कामकरणींच्या लेकरांसाठी पाळणाघर होतं. टिनाची खोली, झोळ्या, दूध आणि सांभाळायला शहरातली एक बाई. आम्ही तांड्याच्या बाया तिकडे ढुंकूनही पाहत नव्हतो. आपल्यात माय मेलेलं लेकरूच परक्याच्या हाती जातं. "मी काय मेली काय?" असं मी हसत म्हणायची. मी डागी कापूस निवडायची आणि सेवंती ढिगाआड निजलेली असायची. पोर मोठी गुणाची, असं सगळ्या म्हणायच्या. मलाही ते खरं वाटायचं.

एका दुपारी ती लवकर चुळबुळली. मुकादम घाई करत होता. मी पुन्हा चाटवलं. सुट्टी झाली तेव्हा ती उठली नाही. पाळणाघरातली बाई धावत आली. तिनं सेवंतीचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तीस पावलांवर तं बसून होती मी, बाई," एवढंच म्हणाली.

गिरणीची नजर लागली, असं याडीनं तांड्यात सांगितलं. अफूचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. त्याचा राग अजून जात नाही, आणि सगळ्यात जास्त माझाच येतो.

रामू झाला तेव्हा मी त्याला मुकाट्यानं झोळीत ठेवलं. तो दिवसभर भोकाड पसरायचा, बाई उचलून घ्यायची, मी मधल्या सुट्टीत पाजून यायची. तिथेच तो रांगला, चालला. माझे हात मोकळे होते आणि जीवही. एवढं साधं सुख कळायला मला एक लेक घालवावी लागली. पुढे बाईंनीच मला अक्षरं शिकवली आणि मदतीला ठेवून घेतलं. रोज सकाळी मी आलेल्या प्रत्येक लेकराचं तोंड हुंगते. त्यांच्या आया चिडतात. चिडोत.

गेल्या महिन्यात याडी पहिल्यांदा इथे आली. आत सगळी पोरं एकदम रडत होती. तिनं कानांवर हात ठेवले. "कसी राह्यते व तू इथं? चाल घरी."

"रडून राह्यले म्हणजे जित्ते हायेत, याडी," मी म्हटलं. "माह्यं घर हेच."

ती उंबऱ्यावरूनच परत गेली.