भाकरीला आलेला सांड

आमच्या गावात महादेवाच्या नावानं सोडलेला एक सांड आहे. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मरताना तशी इच्छा सांगितली होती. मुलांनी गुजरातेतल्या बाजारातून चांगलं उंच, पांढरं गोऱ्हं आणलं, कपाळाला कुंकू लावलं आणि सोडून दिलं. तेव्हापासून तो गावाचा. कापसात शिरो की केळीच्या बागेत, माणसं फार तर तोंडाचा पट्टा सोडायची, पण काठी कुणी उगारत नसे. गावातल्या गाई त्याच्यावरच गाभण राहायच्या. ही सोय कुठल्याच योजनेत लिहिलेली नव्हती, म्हणून बहुधा ती कुणा साहेबाला दिसली नाही.

मी या गावची सून. सकाळी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवायला जाते, दुपारी परत येते. घरची गुरं सासूबाईंच्या ताब्यात. त्यांच्या लग्नानंतर खांडबाऱ्याकडून, त्यांच्या माहेरून एक गाय आली होती. आमची तांबडी त्या गाईची नात. तिला दोनदा गोऱ्हेच झाले, तीच आज आमची बैलजोडी. बाकीच्या देशी गाई विकून आमच्या घरात जर्सी आल्या. बादली भरते, नाही म्हणत नाही. पण तांबडीचं वय चढत चाललं होतं, आणि तिला एक कालवड व्हावी, माहेरची गाय गोठ्यात राहावी, एवढी एकच गोष्ट सासूबाईंना हवी होती. स्वतःसाठी त्या बाईनं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

सांड रोज सकाळी आमच्या ओट्यापाशी यायचा. सासूबाई चुलीवरची पहिली भाकरी त्याला द्यायच्या. "ये रे भाऊ," एवढंच म्हणायच्या, आणि तो कुठल्याही गल्लीत असला तरी डुलत यायचा. दुसऱ्या कुणाला तो अंगाला हात लावू द्यायचा नाही.

एका रविवारी खात्याची गाडी आली. वर भोंगा, बाजूला पशुवंश सुधारण्याचा फलक. गावठी वळूंचं खच्चीकरण करायचं, म्हणजे गाई त्यांच्यावर गाभण राहणार नाहीत आणि चांगल्या जातीचं बीज वापरता येईल, असा हुकूम होता. हुकूमच म्हणते, कारण गावाला कुणी विचारलं नाही. आमच्या सांडाला गावठी कुणी ठरवलं, त्याच्याकडे एकदा नीट बघून ठरवलं का, हेही कुणी सांगितलं नाही.

सांड दोरातून दोनदा निसटला. मग कुणीतरी शहाण्यानं सांगितलं की तो फक्त त्या म्हातारीच्या भाकरीला येतो. साहेब आमच्या दारात आले, गोड बोलले. मी आत त्यांच्यासाठी चहा टाकला. सासूबाईंनी विचारलं, "लस देनी शे का साहेब?" लम्पीच्या वर्षी आजूबाजूच्या गावांत गुरांच्या अंगावर गाठी आलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. लस टोचायला आलेल्या माणसांचे त्यांनी तेव्हा पाय धरायचे बाकी ठेवले होते.

साहेब हसले. "सगळंच करून टाकू, आजी."

सासूबाईंनी भाकरीवर गुळाचा खडा ठेवला आणि हाक मारली. तो आला. भाकरी तोंडात असतानाच त्याच्या शिंगांत दोर पडला.

हंबरडा ऐकून मी चहा तसाच टाकून बाहेर धावले. सांड आडवा पाडलेला, चौघे अंगावर बसलेले, आणि साहेबांच्या हातात लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा. सासूबाई त्याच्या डोक्याशी बसून कपाळ कुरवाळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "हाई कशानी लस शे वं?" मी काही बोलायच्या आत काम झालेलं होतं. त्या साहेबाला लाज वाटली का, हे मी त्याच्या तोंडाकडे बघून शोधत होते. तो मोबाइलवर कामाचा फोटो कसा आला ते बघत होता.

 मी खूप बोलले. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, गाय माजावर आली की फोन करा, माणूस घरी येईल, कालवडच होईल अशी सोय आहे.

तांबडी माजावर आली, रात्रभर हंबरली. उजाडताच आम्ही फोन केला. माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, तेव्हा माज उतरून गेला होता. त्याच्या एकट्याच्या मोटारसायकलवर किती गावं टाकली होती कोण जाणे, मी त्याला काय बोलणार? पुढच्या वेळी त्याच्या डब्यातला बीज गार ठेवणारा नायट्रोजन संपला होता. त्यानंतर एकदा वेळेत आला, टोचून गेला, पण गाय गाभण राहिली नाही. तांबडी दावं तोडून सांडाकडे जायची. तो तिला हुंगायचा आणि परत चरायला लागायचा. सासूबाई तिला शोधून घरी आणायच्या.

मग गेल्या हिवाळ्यात मंदिराच्या ओट्यावर नैसर्गिक शेतीचं प्रशिक्षण भरलं. हे साहेब दुसरे. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून पिकाला द्यायचं खत करून दाखवायचं होतं, आणि त्याला शेण-गोमूत्र देशी गाईचंच लागतं. अख्ख्या गावात देशी गाय उरली होती आमची. तिला हार घातला, शिंगांना रंग लावला, मंडपात बांधली. साहेब चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, देशी गाय नाही तर ही शेती नाही, म्हणून या गाईचा वंश वाढवा, शासन तुमच्या पाठीशी आहे. टाळ्या पडल्या.

समोर पिंपळाखाली सांड रवंथ करत बसला होता.

सासूबाई उठल्या. चार माणसांत त्यांना बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "साहेब, वंश कसा वाढी? तो देखा, आम्हना सांड तठे बठेल शे. तुम्हनाच लोकेसनी त्याले बाद करी टाका."

साहेबांनी शेजारी बसलेल्याला विचारलं, त्यानं कानात सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला, हे मी कबूल करते. पण म्हणाले काय? "आजी, ते खातं वेगळं आहे."

"खातं येगळं व्हई," सासूबाई म्हणाल्या. "गाय तर तीच शे."

त्यांनी तांबडीचा हार काढून खुर्चीवर ठेवला, दावं सोडलं आणि तिला घेऊन घरी निघाल्या. खताचं पिंप अर्धं कालवलेलं तिथंच राहिलं. मला त्या दिवशी इतका राग आला होता की रडू फुटलं, आणि तो राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

तांबडी आता भाकड आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता गाभण राहणार नाही.

सांड अजून सकाळी येतो. सासूबाई पहिली भाकरी अजून त्याच्याच नावाची करतात, ओट्यावर ठेवतात आणि आत निघून जातात. त्याला हाक मात्र मारत नाहीत.