चित्रांतली नाताळगोष्ट

मला वाचवलं ते मुलुंडच्या आमच्या लायब्ररीतल्या क्लार्ककाकांनी. यवतमाळहून आलेली, सातवीत शाळा सोडलेली मी ‘दहावी पास’ सांगून इथे कामाला लागले. मी चुकीच्या कपाटात ठेवलेली पुस्तकं काका रोज नीट लावतात आणि पुटपुटतात, “दहावी पास म्हणे!”

नाताळात पोरांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या बाई आल्याच नाहीत. लायब्ररीचे मालक म्हणाले, “तू वाच.” जोडाक्षरं बघूनच माझी वाट लागली.

काका खेकसले, “अगं, पुस्तक पोरांकडे फिरव ना! त्यांना चित्रं नको दिसायला?”

मग मी वाकून चित्रं बघत सांगितलं: बर्फात कुडकुडणारी म्हातारी, तिला स्वतःची शाल देणारी मुलगी. दयेची ती गोष्ट काकांनी कपाळाला आठ्या घालून ऐकली. मालक खूश.

आता मी जोडाक्षरं गिरवतेय. एक दिवस काकांना समोर बसवून हीच गोष्ट वाचून दाखवीन, चित्रं झाकून.