दोरावर बसलेला माणूस

चौसाळ्याला हायवेवर माझ्या जोडीदाराचं टायरचं दुकान आहे, आणि कडे चढायचं वेड माझ्याइतकंच. बदामीच्या वालुकाश्माच्या कड्यापाशी पोचलो की मी मोबाईलवरचा अंदाज दाखवतो, "पाऊस न्हाई." तो पायथ्याची वाळू बोटांनी उकरतो. ओली लागली की चढायचे बूट बाजूला ठेवून चहा टाकतो.

एकदा दगड वरवर कोरडा दिसला, म्हणून मी हट्टालाच पेटलो. तो सरळ दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसला. "आत पानी हाय बे. धरशील ते हातात येईल."

मी चहा घेतला नाही. निघताना त्यानं, मी धरणार होतो तोच कंगोरा ओढला. भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघाला.

हे ऐकल्यापासून माझी आई पावसाचं विचारत नाही. "त्यो हाय ना संगं?" एवढंच विचारते.