आंथूला माझ्या नावाने रडली तेव्हा

माझी धाकटी बहीण आंथूला हिचा आवाज आज अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात लोकांना अंधाऱ्या थेटरात खुर्चीला खिळवून ठेवतो. ही फुशारकी नाही. म्हणजे फुशारकीच आहे, पण खरी आहे.

मी आर्गिरीस. सहावीपर्यंत शिकलो, मग ऑलिव्हची झाडं आणि होडी. लिहिणं हे काही माझं काम नाही. पण उद्या कुणीतरी शहरातला येऊन आंथूलाबद्दल लिहिणार आणि निम्मं चुकीचं लिहिणार, त्यापेक्षा मीच लिहितो.

आमच्या मानीत, म्हणजे ग्रीसच्या दक्षिण टोकाला, माणूस गेला की बायका केस मोकळे सोडून त्याच्या उशाशी बसतात आणि एकजण मिरोलोय म्हणते. विलापाचं गाणं. ते पाठ केलेलं नसतं. गेलेल्या माणसाचं आयुष्य तिथल्या तिथे जुळवून म्हणायचं, चांगलं तसं वाईटही. दारुड्याला दारुडाच म्हणायचं, मेला म्हणून सूट नाही. बाकीच्या बायका शेवटची ओळ उचलतात. आमची आई यात नावाजलेली होती. आंथूला लहानपणापासून तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. आता किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात कुणी गेलं की आमच्या दारात गाडी उभी राहते. पाद्रीबाबांना नंतर बोलावतात, आधी माझ्या बहिणीला.

एरवी ती खडकांच्या खळग्यांतलं मीठ गोळा करते. उन्हाने पाणी आटलं की खाली जे पांढरं उरतं ते. तिच्या हाताला चिरा पडल्यात, पण तसं मीठ तुम्हाला राजाच्या ताटातही मिळणार नाही. नवरा पानागोस बोटीवर होता, तो समुद्रातच राहिला. मूलबाळ नाही. तिचं असं माणूस म्हणाल तर मी.

तर सिनेमा. मिर्तो नावाची एक पोरगी पात्रा शहराहून आमच्याकडे आली आणि तिने थोडक्या पैशात एक भुताचा सिनेमा काढला. एक नवरी विहिरीत बुडून मेलेली असते. तिच्या नावाने कुणी विलाप केला की ती एक पायरी वर चढते. रक्त नाही, राक्षस नाही. नुसता विलाप आणि ओल्या पावलांचा आवाज. मी स्वतः पाहताना पाय वर घेऊन बसलो होतो, आणि मी कुणाला घाबरत नाही हे गावाला ठाऊक आहे. त्यातला विलाप आंथूलाचा. आईच्या चाळिसाव्याला ती थडग्यापाशी म्हणाली होती तो. मिर्तोने हात जोडून मागितला, तेव्हा आंथूला जरा विचार करून म्हणाली, "घे. आईला मिरवायला आवडायचं."

सिनेमा देशोदेशी गेला, बक्षिसं घेऊन आला. आणि मग अमेरिकेतल्या एका कंपनीने तो विकत घेतला. पुन्हा पहिल्यापासून काढायला, इंग्रजीत.

"पुन्हा?" कॉफीच्या दुकानात कुलीसकाका म्हणाले. आमच्या गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. "का? पहिला हरवला?"

"तिकडच्या लोकांना खाली लिहिलेलं वाचत सिनेमा बघायचा कंटाळा येतो, काका."

"मला तर मुळात वाचताच येत नाही. माझ्यासाठी कोण काढतंय?"

अमेरिकन दिग्दर्शक आला, ड्वाइट त्याचं नाव. उंच, उन्हाने लाल झालेला, चांगला माणूस. मिर्तो दुभाषी म्हणून सोबत. आंथूलाच्या स्वयंपाकघरात बसून त्याने सरळ सांगून टाकलं. त्यांनी विलाप इंग्रजीत करून पाहिला होता, मोठी गाणारी आणून. "फार सुंदर झाला," तो म्हणाला, "पण भीती नाही वाटली. माझ्या मुलीला तर झोप लागली." म्हणून बाकी सगळा सिनेमा इंग्रजीत, फक्त विलाप आमच्या भाषेत ठेवायचा असं ठरलं होतं. त्याला तो जुनाच विलाप हवा होता.

"नाही," आंथूला म्हणाली. "आई एकदाच गेली. दुसऱ्यांदा नाही न्यायची तिला."

"मग नवीन म्हणा. कुणाच्याही नावाने."

"कुणाच्याही म्हणजे? माणूस नसेल तर शब्द कुठून येणार?"

ड्वाइटने मान हलवली. त्याने जोर केला नाही. शूटिंग संपेपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर अथेन्सची एक गायिका आहे, ती गाईल, एवढंच म्हणाला. आंथूला चुलीकडे वळली. पण त्या दिवशी तिच्या हातची घेवड्याची आमटी खारट झाली. मीठ जिच्या हाताखाली जन्मलं तिची! मला कळलं, तिला हे गायचंय. आपला आवाज त्या विहिरीपाशी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाहीये. आणि गावात तर कुणी मरेना.

कॉफीच्या दुकानात मी विषय काढला. सगळ्यांच्या नजरा कुलीसकाकांकडे.

"माझ्याकडे काय बघता रे?" काका काठी आपटून ओरडले. "थू, थू, थू! तुमच्या सिनेमासाठी मी मरू? अमेरिकेला सांगा, रांगेत उभं राहा म्हणावं!"

तेव्हा मी उठलो, थेट आंथूलाकडे गेलो आणि म्हणालो, "माझ्या नावाने म्हण."

तिच्या हातातली चाळणी खाली पडली. तिने तीनदा थुंकून छातीवर क्रॉसची खूण केली, मग चाळणी उचलून मलाच मारली. "डोकं फिरलंय का, दादा? जित्या माणसाच्या नावाने म्हटलं तर मरण घर बघून ठेवतं!"

"बघू दे. मानीत आर्गिरीसचं घर कुणाला माहीत नाही?"

"थट्टा नको. नवरा गेला, आई गेली. तू एकच उरलायस."

"अगं, मेल्यावर मला काय ऐकू येणार? तू सगळ्या किनाऱ्यासाठी म्हणतेस आणि तुझा सख्खा भाऊ न ऐकताच जाणार? आणि अथेन्सची ती बाई विहिरीपाशी केस सोडून बसणार, ते चालेल तुला?"

ती कितीतरी वेळ मिठाचे खडे निवडत बसली. मग म्हणाली, "मेलेला माणूस जेवत नाही."

"नाही जेवत."

"मग तू माझ्या समोर बसायचं आणि जेवत राहायचं. मरणाला दिसलं पाहिजे की हा जिता आहे. तोंड थांबलं की मी थांबले. पुन्हा कुणी मागायचं नाही."

असं ठरलं. जुन्या बुरुजाच्या खालच्या खोलीत, तिथल्या विहिरीपाशी शूटिंग, भर दुपारी खिडक्या झाकून. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, ताट मांडीवर. शेजारणीने तळलेल्या कणकेच्या काड्या दिल्या होत्या, पण आवाजवाला कानावरचं यंत्र काढून ओरडायला लागला, कुरकुर ऐकू येते म्हणून. मग मला मऊ चीज आणि उकडलेल्या डाळीचा गोळा मिळाला. चार बायका काळे कपडे घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसल्या. आंथूलाने केस सोडले. मी चावायला लागलो. तिने सुरू केलं:

"आर्गिरी, आर्गिरी, आमच्या दाराचा खांब,
होडी तुझी लहान अन् बढाई केवढी लांब.
वीतभर मासा धरलास, हातभर सांगितलास,
गाव ओलांडेपर्यंत त्याचा देवमासा केलास."

सूर असा की भिंतीचा दगड रडावा. आणि शब्द हे! बायकांचे खांदे गदगदायला लागले. हसत होत्या सगळ्या, ओठ चावून. पण मागून बघणाऱ्याला वाटावं, काय ऊर फुटून रडतायत. ड्वाइट तर तोंडावर हात ठेवून उभा.

"मेलास तरी आर्गिरी, तिथे जाऊन म्हणशील,
माझ्यासारखं मरून दाखवा, आहे का कुणी तयार?"

यमक चुकलं, पण मला राग नाही आला. असं कोण म्हणणार दुसऱ्याबद्दल? मी ताठ बसून चावत होतो. आणि मग तिचा आवाज खाली उतरला.

"पानागोस गेला तेव्हा माझ्या दारात झोपलास,
आत उकडतंय म्हणालास, थंडीत कुडकुडलास."

मला वाटायचं हे तिला ठाऊकच नाही. पानागोसची बातमी आली त्या हिवाळ्यात ती एकटी बाहेर पडून भलतंच काही करेल म्हणून मी तिच्या उंबऱ्यावर अंथरूण टाकायचो. विचारलं की म्हणायचो, आत गरम होतं. इतकी वर्षं ती एक शब्द बोलली नव्हती.

माझं तोंड थांबलं.

आंथूलाचे डोळे माझ्या जबड्यावर होते. ते मोठे झाले, चेहरा मिठासारखा पांढरा पडला. पण सूर तुटला नाही. सूर उलट वर गेला, आईचाही कधी गेला नव्हता इतका:

"चाव, आर्गिरी, चाव, अरे चाव रे चाव,
दुसरा नाही मला भाऊ, दुसरं नाही गाव!"

आणि बायकांनी ओळ उचलली. चाव रे चाव. आता कुणी हसत नव्हतं. मी चावलो. डोळ्यातलं पाणी, डाळ, सगळं गिळलं आणि चावत राहिलो.

तिने संपवलं. आवाजवाल्याच्या हातावर काटा आलेला मी पाहिला. ड्वाइटने हळूच मिर्तोला विचारलं, शेवटी ती काय म्हणाली? मिर्तो हसत होती आणि डोळे पुसत होती. तिने सांगितलं. तो माझ्याकडे आला, माझा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग म्हणाला की हे असंच राहील, खाली अर्थही लिहायचा नाही.

सिनेमा लागला तेव्हा मेलबर्नहून चुलतभाऊ स्ताथीसचा फोन आला. "अरे, अख्खं थेटर श्वास रोखून बसलंय, शेजारची गोरी बाई माझा दंड सोडेना, आणि पडद्यावर आपली आंथूला तुला जेवायला सांगतेय! मी एकटाच हसत होतो, लोक मला वेडा समजले."

"नाव आलं का तिचं?" मी विचारलं.

"आलं. मोठ्या अक्षरात. मी टाळ्या वाजवल्या."

जवळच्या शहरात, कालामाताला, आम्ही बस करून गेलो. तिथे सगळ्यांना शब्द कळले, भुताच्या सिनेमात थेटर हसलं आणि लगेच गप्प झालं. बाहेर पडताना अनोळखी माणसं आंथूलाचा हात धरत होती. काळ्या रुमालात माझी बहीण, आणि तिच्या शेजारी मी. मी सगळ्यांना सांगत होतो, तो आर्गिरीस मीच.

नंतर पिरेअसच्या एका जहाजवाल्या श्रीमंताने निरोप पाठवला, माझ्याही जिवंतपणी म्हणा, मागाल ते देतो. आंथूलाने उलट निरोप दिला, "आधी मरा, मग बघू."

तो हिवाळा मात्र तिला जड गेला. मला जरा खोकला झाला तरी ती दारात. कपाळाला हात लाव, रस्सा पाज, मागे वळून थुंक. शेवटी बदामाला फुलं आली. मी होडी रंगवायला काढली तेव्हा ती ओट्यावर येऊन बसली आणि पहिल्यांदा मोकळी हसली.

"मेला नाहीस तर," ती म्हणाली.

"मरण आलं असेल, पण माझं जेवण संपायची वाट बघून कंटाळून गेलं."

"पण दादा, पुढे खरंच मेलास तर मी काय म्हणू? सगळं तर वापरून झालं."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो आणि ब्रश रंगात बुडवला. "तोवर नवीन काहीतरी करून ठेवतो."