आधी आवाज काढून दाखवा

कुणीही गाडी घेऊन आलं तरी नरसम्माअक्का आधी गाडीकडे बघायच्याच नाहीत. स्टुलावर बसल्या बसल्या मालकाला फर्मावायच्या, "स्टार्टर मारल्यावर कसं आवाज येतंय, ते तोंडानं काढून दाखवा." चांगला झुपकेदार मिशांचा ट्रॅक्टरमालक, त्यात रस्त्यावरचे चार लोक बघताहेत, तो बिचारा गांगरून जायचा. पण अक्कांपुढे कुणाचं चालत नसे. तो कसाबसा "टकटकटकटक" म्हणाला की त्या सांगायच्या, "बॅटरी उतरलीय." एकदाच "टक्" म्हणून थांबला, तर स्टार्टरची मोटार अडकलीय. "घर्रर्र" म्हणाला, तर मोटार नुसतीच फिरतेय, इंजिनाला धरत नाही. एवढं झाल्यावर त्या पदर खोचून उठायच्या आणि बहुतेक वेळा तेच निघायचं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची शेड एकच होती. डाव्या बाजूला माझं इंजिनाचं काम, उजव्या बाजूला त्यांचं वायरिंगचं. दुकान मूळचं त्यांच्या यजमानांचं. अक्का पलीकडच्या टॉवेल कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला होत्या आणि दुपारी यजमानांचा डबा घेऊन यायच्या. पुढे यजमान अंथरुणाला खिळले. मग एक दिवस अक्का डबा न आणता नुसत्याच आल्या, शटर उघडलं आणि खिळ्याला अडकवलेला टेस्टलॅम्प हातात घेतला. एका वायरीला चिमटा, दुसरीला टोकदार दांडी आणि मध्ये छोटा दिवा, एवढंच ते हत्यार. करंट असेल तिथे पेटतं, नसेल तिथे विझलेलं राहतं.

लोक हसले. मीसुद्धा म्हणालो, अक्का, हे जमेल का? त्या म्हणाल्या, "धागा तुटला तर अख्खा माग खोलतात का ओ? धाग्याच्या मागं मागं जायचं. करंट पण धागाच की." वर्षभरात अक्कलकोटपासूनच्या गाड्या त्यांच्याकडे यायला लागल्या. स्वतःबद्दल कमी बोलावं, असं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. "सोलापुरात स्टार्टर बघणारे लई हायेत. ऐकणारी मी एकटीच," असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या. आणि ते खरं होतं, म्हणून ऐकायला बरंही वाटायचं.

त्यांची आठवण निघाली की मला वळसंगकडचा मळसिद्ध आठवतो. मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा. अपघातात त्याचा एक पाय कायमचा अधू झाला होता. कळपामागे चालणं संपलं आणि बापाचेही गुडघे गेलेले. तेवढ्यात जवळचं एक सहलीचं ठिकाण बंद पडलं आणि तिथली चार चाकांची क्वॉड बाईक स्वस्तात यांच्या घरी आली. माळरान असो, ओढा असो, ती कुठेही जायची. पूर्वी बिऱ्हाड लादायला घोडं असायचं, म्हणून त्याचा बाप बिरप्पा तिला घोडंच म्हणायचा. मळसिद्ध पुन्हा कळपामागे हिंडू लागला.

पण त्या गाडीला किक नव्हती आणि स्कूटरसारखी ऑटोमॅटिक असल्यामुळे ढकलूनही ती चालू होत नसे. सगळी भिस्त स्टार्टरवर, आणि नेमका तोच रुसायला लागला. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली, दुसऱ्याने मोटार. घरी नेली की चार दिवस चालायची आणि पुन्हा मुकी व्हायची. एकदा भर माळावर बंद पडली. पोरगा उन्हात बसून राहिला आणि मेंढरं कुणाच्यातरी ज्वारीत शिरली. मोठं भांडण झालं.

शेवटी मेंढरं नेतात त्याच पिकअपमध्ये घालून दोघा बापलेकांनी ती आमच्या शेडमध्ये आणली. बिरप्पा दारातच म्हणाला, "बाई, ह्ये शेवटचं. आता न्हाय झालं तर येत्या बाजाराला मेंढरं काढायची. द्येवाच्या मनात न्हाय, तितं आपुन काय करणार?"  मळसिद्ध गाडीवर बसून हँडल धरून होता.

अक्कांनी नेहमीचं फर्मान सोडलं, "आवाज काढून दाखव."

"आवाजच न्हाय की, अक्का."

"टक् पण नाय?"

"न्हाय. कायबी न्हाय."

अक्कांचा चेहरा खुलला. तोवर मी मोटार उतरवायला पाना घेऊन खाली वाकलो होतो. त्या म्हणाल्या, "ठेवा ते पाना. टक् पण नाय म्हणजे निरोपच पोचला नाय. मोटारीची काय चूक?" गाडीचे दिवे लख्ख लागत होते, म्हणजे बॅटरी ठीक. त्यांनी गाडी न्यूट्रलला घातली आणि बटणाचा निरोप मोटारीला पोचवणाऱ्या रिलेच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला. ठिणगी उडाली आणि मोटार झक्क फिरली. बिरप्पा दोन पावलं मागे सरला.

मग त्या धाग्याच्या मागे निघाल्या. मळसिद्धला ब्रेक दाबायला लावला, कारण त्याशिवाय ही गाडी स्टार्टच घेत नाही. ब्रेकच्या वायरीला टेस्टलॅम्प पेटला. स्टार्टच्या बटणात शिरणाऱ्या वायरीलाही पेटला. बटण दाबून पलीकडच्या वायरीला लावला, तर विझलेला. "सापडलं," म्हणत त्यांनी हँडलवरची बटणाची डबी खोलली.

आत पिवळाधमक लगदा बसला होता. अक्कांनी तो बोटावर घेऊन हुंगला. हळद. त्यांनी एकदा बिरप्पाच्या कपाळाकडे पाहिलं, एकदा गाडीच्या हँडलकडे. दोन्हीकडे भंडारा. गाडी घरी आली तेव्हा बिरोबाच्या नावाने बटणावर भंडारा वाहिला होता. बंद पडली तेव्हा देव कोपला म्हणून आणखी वाहिला. दुरुस्त होऊन आली की देव पावला म्हणून मूठभर उधळला. घाम आणि लोकरीचं तेल मिसळून तो आत घट्ट बसला आणि करंटची वाट अडली. गॅरेजात दहादा दाबलं की बटण तेवढ्यापुरतं मोकळं व्हायचं. बिचारा म्हातारा गाडी बरी व्हावी म्हणून जे करत होता, त्यानेच ती बंद पडत होती.

मला हसू येत होतं, पण बिरप्पाचं तोंड बघून आवरलं. तो खाली बसला. "म्हंजी मीच पोराचं पाय बांदलं की," एवढंच म्हणाला.

अक्का त्याच्यासमोर बसल्या. "तसं नसतंय ओ मामा. तुम्ही जीव लावला, आता कुठं लावायचा तेवढं बघा. मेंढरं बिरोबा राखतंय. बटण मी राखते." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होती, जणू देवानेच कामाची वाटणी करून दिली असावी.

त्यांनी पेट्रोलने बटण धुतलं, पॉलिश पेपरने घासलं आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यावर टोपी चढवली. मळसिद्धने ब्रेक दाबला, बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं आणि त्या पोराने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आनंदाच्या भरात बिरप्पाचा हात पुन्हा भंडाऱ्याच्या पिशवीत गेला. अक्कांनी मनगट धरलं. "इथं नाय. पुढं, मडगार्डला." त्याने मडगार्डला लावला आणि उरलेला अक्कांच्या कपाळाला. तो संध्याकाळपर्यंत त्यांनी पुसला नाही.

मेंढरं बाजाराला गेली नाहीत.

अक्का गेल्या वर्षी गेल्या. आजारपण थोडंच झालं. ज्याला त्याला तोंडाने आवाज काढायला लावणाऱ्या त्या स्वतः कण्हल्याही नाहीत. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी मळसिद्ध आणि बिरप्पा आले. म्हाताऱ्याने विचारलं, "अक्कांचं हत्यार कुटं हाय?" मी खिळ्यावरचा टेस्टलॅम्प काढून दिला. त्याने पिशवीतून चिमूटभर भंडारा घेतला आणि लॅम्पच्या मुठीला लावला, फक्त मुठीला. टोकाजवळ बोट आलं तसं थांबलं. त्याने धोतराच्या सोग्याने टोक आणि चिमटा पुसून पुन्हा पुन्हा पाहिला आणि लॅम्प माझ्या हातात दिला.

"टोकाला न्हाय लावला," तो म्हणाला. "अक्का रागावतील."

आता वायरिंगचं कामही मीच बघतो. ती पिवळी मूठ हातात घेतली की ऊर भरून येतो, या बाईशेजारी मी इतकी वर्षं काम केलं. गाडी आली की मी स्टुलावरून उठत नाही. मालकाला म्हणतो, आधी आवाज काढून दाखवा.